सहा वर्षांचा जप आणि गुरूचा प्रश्न

सप्रेम नमस्कार.

नाव प्रसिद्ध करू नये अशी तुमची विनंती आहे. ती पाळून, इतर वाचकांना संदर्भ लागावा एवढ्यापुरताच तुमच्या पत्राचा आशय येथे देतो. एका दीर्घ आजारपणातून उठल्यानंतर तुम्ही आपणहून पहाटेचा नेम लावून घेतला: पाऊण तास नामजप आणि त्यानंतर थोडा वेळ शांत बसणे. हा नेम सहा वर्षे चालू आहे. सुरुवातीची काही वर्षे त्यातून मनाला मोठा आधार मिळाला, परंतु गेल्या वर्षभरात जप कोरडा झाला आहे, आसनावर बसले की उठावेसे वाटते आणि माळ नुसती बोटांतून सरकत राहते. याच काळात नणंदबाईंच्या आग्रहाखातर तुम्ही एका उपासना मंडळात गेलात. गुरूशिवाय केलेल्या साधनेला फळ नसते, तेव्हा येत्या सोहळ्यात अनुग्रह, म्हणजे गुरूकडून मंत्रदीक्षा, घ्या, असे तेथे तुम्हाला सांगण्यात आले. शिवाय अनुग्रहानंतर इतर ग्रंथ वाचायचे नाहीत, शंका काढायच्या नाहीत कारण शंका हा अहंकार आहे, इथले घरी बोलायचे नाही, आणि आलेली संधी नाकारली तर घराला त्रास होतो, हेही सांगितले गेले. तुमच्या यजमानांना हे अजिबात पटलेले नाही. गुरू वगैरे काही लागत नाही, आपले मन हाच गुरू, असे त्यांचे म्हणणे आहे. तुम्ही विचारता की गुरू खरोखर आवश्यक आहे का, सहा वर्षे वाया गेली का, आणि खरा गुरू ओळखायचा कसा. मंडळात तुमच्या हाती दिलेल्या माळेचे काय करावे, हा चौथा प्रश्न तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी, काहीशा संकोचाने विचारला आहे.

माझे मत प्रथमच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे वाचताना तुम्हाला अंदाज बांधत बसावे लागणार नाही. येत्या सोहळ्यात तुम्ही अनुग्रह घेऊ नये. असे सांगताना गुरुसंस्थेचे महत्त्व कमी लेखण्याचा माझा हेतू नाही, कारण आपल्या तत्त्वज्ञानात ते महत्त्व फार मोठे आहे आणि माझ्या अल्प अनुभवात ते खरेही ठरले आहे. मात्र ते ज्या कारणासाठी मोठे आहे, ते कारण त्या मंडळात तुम्हाला कोणी सांगितलेले दिसत नाही. आणि जे सांगितले, ते परंपरेच्या नावाने सांगितले असले तरी परंपरेतील आधारग्रंथ त्याच्या उलट बोलतात.

गुरू कशासाठी, याचे सर्वांत स्वच्छ उत्तर छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात आहे. उद्दालक आरुणी आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, एक दृष्टांत देतात. गांधार देशातल्या एका माणसाला कोणीतरी डोळे बांधून दूर निर्जन रानात आणून सोडले. तो चारही दिशांना तोंड करून ओरडत राहिला. तेवढ्यात एका वाटसरूने त्याच्या डोळ्यांवरची पट्टी सोडली आणि सांगितले की गांधार या दिशेला आहे, असा असा जा. मग तो माणूस गावोगाव विचारत, स्वतःची बुद्धी वापरत आपल्या देशी पोहोचला. ‘आचार्यवान् पुरुषो वेद’, म्हणजे ज्याला आचार्य लाभला तो जाणतो, हे प्रसिद्ध वचन या दृष्टांताला जोडून येते. ते वचन पुष्कळांना पाठ असते, दृष्टांत मात्र कोणी नीट वाचत नाही. त्यात वाटसरू दोनच गोष्टी करतो: पट्टी सोडतो आणि दिशा दाखवतो. तो त्या माणसाला खांद्यावर घेत नाही, आणि माझ्याखेरीज वाटेत कोणाला विचारशील तर खबरदार, असा दमही भरत नाही. उलट हा माणूस गावोगाव विचारत जातो, याचा उल्लेख उपनिषद कौतुकाने करते आणि त्याला पंडित व मेधावी म्हणते.

आता ही पट्टी म्हणजे काय, ते मी माझ्याच एका फजितीवरून सांगतो. तरुणपणापासून मी विष्णुसहस्रनाम म्हणत आलो आहे. त्याच्या आरंभीच ‘भूतभव्यभवत्प्रभुः’ असे एक नाम येते. संस्कृत जुजबी येत असल्यामुळे त्यातल्या ‘भवत्प्रभुः’चा अर्थ मी ‘आपला प्रभू’ असा लावला होता आणि तो मला इतका गोड वाटत असे की त्या नामापाशी माझा आवाज दर वेळी थोडा हळवा होई. हे बारा वर्षे चालले. एकदा एका वृद्ध शास्त्रीबुवांसमोर पाठ म्हणण्याचा योग आला, तेव्हा त्यांनी पाठ संपल्यावर सहज विचारले की तुम्ही तेथे का थबकता. मी कारण सांगितले. ते हसले नाहीत. एवढेच म्हणाले की तेथे भूत म्हणजे होऊन गेलेले, भव्य म्हणजे होणारे आणि भवत् म्हणजे आत्ता असणारे, अशा तिन्ही काळांचा तो प्रभू आहे. खरा अर्थ छापलेले सटीक पुस्तक त्या बारा वर्षांत माझ्या घरातच होते. मी ते कधी उघडले नाही, कारण शंका आली तरच माणूस पुस्तक उघडतो, आणि ज्या ठिकाणी आपण चुकत असतो त्याच ठिकाणी आपल्याला शंका येत नसते.

गुरूची गरज मला येथे दिसते. माहिती ग्रंथांतूनही मिळते. परंतु आपली चूक आपल्याला दिसत नाही, कारण ज्या मनाने ती शोधायची त्याच मनात ती बसलेली असते. एका नामाच्या अर्थाबाबत हे असे होत असेल, तर ‘मी’ या शब्दाच्या अर्थाबाबत काय होत असेल, याची कल्पना करा. वेदान्ताचा सगळा विषय तोच आहे. वेदान्ती आचार्य नदी ओलांडून आलेल्या दहा जणांची गोष्ट सांगतात, तीही याच कारणासाठी: पलीकडे पोहोचल्यावर प्रत्येक जण मोजतो, नऊच भरतात, आणि दहावा बुडाला म्हणून सगळे रडू लागतात, तेव्हा वाटेने जाणारा एक जण सांगतो की दहावा तूच आहेस. दहावा हरवलेला नव्हताच, पण मोजणाऱ्याला स्वतःला मोजण्याचे सुचत नव्हते आणि आणखी शंभर वेळा मोजून ते सुचलेही नसते. म्हणून ‘आपले मन हाच गुरू’ हे तुमच्या यजमानांचे मत मला पुरेसे वाटत नाही. त्या बोलण्यात काळजी आहे, तुम्ही कोणाच्या जाळ्यात सापडू नये ही तळमळ आहे, आणि तिचा मान राखला पाहिजे. पण आपले मन आपल्याला बहुतेक वेळा आपल्या सोयीचेच सांगते, हेही तितकेच खरे आहे. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने पृथ्वी, वायू, अजगर, मधमाशी असे चोवीस गुरू केल्याची कथा आहे, आणि बाहेरच्या गुरूची गरज नाही असे म्हणणारे तिचा हवाला नेहमी देतात. त्यांनी एक गोष्ट पाहावी की अवधूताने चोवीस ठिकाणी मान लववली होती. एकाही ठिकाणी मान न लववण्यासाठी त्या कथेचा आधार घेणे फारसे प्रामाणिक नाही.

मग साधनेचे काम कोणते, असा प्रश्न उरतो. कारण दिशा सांगणाऱ्याने सांगितली आणि दहावा सापडला, तर पहाटे उठून पाऊण तास माळ ओढायची कशाला? मुंडकोपनिषदातील ज्या मंत्रात गुरूकडेच जावे, ‘गुरुमेवाभिगच्छेत्’, अशी आज्ञा आहे, त्याच्या पूर्वार्धात याचे उत्तर आहे आणि तो पूर्वार्ध गुरुमाहात्म्य सांगताना सहसा गाळला जातो. तेथे म्हटले आहे की कर्मांनी मिळणाऱ्या सगळ्या फळांची परीक्षा करून साधकाने विरक्त व्हावे, कारण जे केलेले नाही ते करण्याने मिळत नाही. आत्मा हा काही घडवून तयार होणारा पदार्थ नाही, तो आहेच. त्यामुळे जपाच्या संख्येने आत्मज्ञान विकत घेता येत नाही, आणि त्याच न्यायाने ते कोणाच्या सोहळ्यात वाटलेही जात नाही. साधना चित्त स्वच्छ करते, म्हणजे सांगितलेले ऐकू येईल आणि ऐकलेले टिकेल अशी जागा तयार करते. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य मैत्रेयीला सांगतात की आत्म्याचे श्रवण करावे, मनन करावे, निदिध्यासन, म्हणजे सतत ध्यान, करावे. यांपैकी श्रवणाला दुसरा माणूस लागतो. मनन आणि निदिध्यासन ज्याचे त्यानेच करायचे असते. म्हणून गुरू आणि साधना यांत कोण मोठे, हा वाद मला निरर्थक वाटतो. दिशा विचारून जागीच उभा राहिलेला माणूस गांधारला पोहोचत नाही, आणि दिशा न विचारता जोरात चालणारा कदाचित आणखी दूर जातो.

येथे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण पत्रात सर्वांत जास्त दुखावलेला स्वर त्या प्रश्नाचा आहे. सहा वर्षे वाया गेली का? छांदोग्याच्याच चौथ्या अध्यायातील सत्यकाम जाबालाची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल, परंतु आपले गोत्र आपल्याला ठाऊक नाही हे त्याने खरे सांगितले, तेथेच ती सहसा थांबवली जाते. तिचा उत्तरार्ध तुमच्यासाठी आहे. हारिद्रुमत गौतमांनी त्याला उपनयनानंतर चारशे रोडावलेल्या गाई देऊन रानात पाठवले आणि त्यांच्या हजार होईपर्यंत परतायचे नाही असे त्याने ठरवले. तेथे त्याला एक बैल, अग्नी, हंस आणि मद्गू नावाचा पाणपक्षी यांनी ब्रह्माच्या एकेका पादाचा उपदेश केला. तो परतला तेव्हा त्याचा चेहरा पाहूनच आचार्यांनी विचारले, ‘तू ब्रह्म जाणणाऱ्यासारखा दिसतोस, तुला कोणी शिकवले?’ मनुष्याने नव्हे, असे त्याने प्रामाणिकपणे सांगितले, आणि तरीही म्हणाला की आपणच मला सांगावे, कारण आचार्यांकडून कळलेली विद्याच नीट फळते असे मी ऐकले आहे. आता यापुढचे वाक्य लक्षपूर्वक वाचा: आचार्यांनी त्याला तेच सांगितले, आणि त्यातून काहीही वगळले गेले नाही. रानात मिळालेले फुकट गेले, आता पहिल्यापासून सुरुवात कर, असे गौतम म्हणाले नाहीत. त्यांनी त्यावर आपली मोहोर उमटवली.

तुकाराम महाराजांनी आपल्या आयुष्याचा क्रम एका अभंगात स्वतः सांगितला आहे, त्यातही हीच मांडणी दिसते. दुष्काळ, संसाराची वाताहत, मोडलेल्या देवळाची दुरुस्ती, एकादशीचे कीर्तन, संतांची वचने पाठ करणे, पुढे गाणाऱ्यांचे धृपद धरणे, हे सगळे आधी आले आणि स्वप्नातील गुरूचा उपदेश त्यानंतर आला. आणि त्या उपदेशाच्या अगदी आधीच्या ओळीत ते म्हणतात की सत्य-असत्याला मी माझे मन साक्षी ठेवले, बहुमत मानले नाही. गुरूवाचून सोय नाही असे ठामपणे म्हणणाऱ्या संताने गुरूचा उपदेश स्वीकारण्याआधी काय केले होते, ते त्याच्याच शब्दांत आपल्यापुढे आहे. तेव्हा सहा वर्षे वाया गेली असे कोणी म्हणाले तर त्याने हा अभंग वाचलेला नाही, एवढेच समजावे.

राहिला कोरडेपणा. तो तुम्ही गुरू नसल्याची शिक्षा समजू लागल्या आहात, आणि त्या समजुतीला मंडळात खतपाणी मिळाले आहे. पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्याच पादात चित्ताचे नऊ विक्षेप मोजून दाखवले आहेत: व्याधी, स्त्यान म्हणजे मनाचा जडपणा, संशय, प्रमाद, आळस, विषयांची ओढ, भ्रांतिदर्शन, पुढची भूमिका हाती न लागणे, आणि लागलेली न टिकणे. तुमच्या पत्रातले वर्णन यांतल्या शेवटच्या दोहोंशी आणि थोडेसे स्त्यानाशी जुळते. ज्या गोष्टीची यादी शास्त्रकाराने एवढ्या शांतपणे केली आहे, ती सर्व साधकांच्या वाट्याला येणारी गोष्ट आहे, आणि गुरू लाभलेल्यांच्या वाट्यालाही ती येते. मंडळातल्या जुन्या साधकांना एकांतात विचारून पाहा. त्याच सूत्रांत अभ्यास पक्का होण्यासाठी तीन गोष्टी सांगितल्या आहेत, दीर्घकाळ, खंड न पडता आणि सत्काराने. पहिल्या दोन तुमच्याकडे आहेत. तिसरी निसटलेली दिसते. सत्कार म्हणजे आदर. पाहुणा आल्यावर आपण जसे हातातले काम बाजूला ठेवतो तसे. पाऊण तास पुरा करायचा म्हणून बसण्यापेक्षा काही आठवडे वीसच मिनिटे बसा, माळ मोजणे थांबवा आणि नामाचा उच्चार आपल्या कानांना ऐकू येईल एवढ्या संथपणे करा. मात्र श्वास दीर्घकाळ रोखण्याचे किंवा रात्र-रात्र बसण्याचे प्रयोग पुस्तकातून किंवा चित्रफिती पाहून करू नका. त्या बाबतीत जाणता मार्गदर्शक समोर असलाच पाहिजे, या मताचा मी आहे. आणखी एक गोष्ट स्पष्टपणे विचारतो, कारण तुम्ही आजारपणाचा उल्लेख केला आहे. हा कोरडेपणा केवळ जपात आहे, की जेवणात, झोपेत, माणसांत, आवडीच्या कामांतही उतरला आहे? दुसरे असेल तर प्रश्न साधनेचा नाही, आणि डॉक्टरांना दाखवण्यास उशीर करू नका. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. पतंजलींच्या त्या यादीत व्याधीच पहिली आहे.

आता खऱ्या गुरूच्या ओळखीविषयी. मुंडकोपनिषदाने दोनच लक्षणे दिली आहेत: श्रोत्रिय, म्हणजे ज्याने परंपरेने शास्त्र नीट आत्मसात केले आहे, आणि ब्रह्मनिष्ठ, म्हणजे जो त्यात स्थिर आहे. पहिले लक्षण तुलनेने सोपे आहे, कारण काही दिवस ऐकले की समोरच्याचा व्यासंग कळतो. दुसरे बाहेरून मोजता येत नाही, आणि भोंदूपणाला सगळी जागा तेथेच मिळते. म्हणून समर्थ रामदासांनी दासबोधाच्या पाचव्या दशकात उलट्या बाजूने सुरुवात केली: जे करामती दाखवतात त्यांनाही लोक गुरू म्हणतात, परंतु ते मोक्ष देणारे सद्गुरू नव्हेत. आणि त्याच समासात त्यांनी जी कसोटी दिली आहे, तिच्याइतकी रोखठोक कसोटी मला दुसरीकडे आढळलेली नाही: जो शिष्याला साधनाला लावत नाही, इंद्रियांना आवर घालायला लावत नाही, असे गुरू आडक्याला तीन मिळाले तरी टाकून द्यावेत. आडका म्हणजे क्षुल्लक किमतीचे नाणे. समर्थांचा सगळा कटाक्ष शिष्याकडून काय करून घेतले जाते यावर आहे. गुरूभोवती गर्दी किती, वलय कसे, भक्तांना अनुभव काय आले, याची ते दखलही घेत नाहीत. तुम्ही त्या मंडळात चार वेळा गेलात असे लिहिता. त्या चार वेळांत तुमच्या जपाबद्दल, तो कसा चालतो, कुठे अडतो, याबद्दल तुम्हाला किती प्रश्न विचारले गेले? पत्रात एकाचाही उल्लेख नाही. अनुग्रहाच्या तारखेचा मात्र तीनदा आहे.

शंका म्हणजे अहंकार, हे वाक्य तर मला फारच खटकले. भगवद्गीतेच्या चौथ्या अध्यायात ज्ञान मिळवण्याचा मार्ग प्रणिपात म्हणजे नम्र नमस्कार, परिप्रश्न म्हणजे खोलात जाऊन विचारणे, आणि सेवा असा सांगितला आहे. प्रणिपात आणि सेवा ठेवून मधला परिप्रश्न उचलून बाजूला काढण्याचा अधिकार कोणाला नाही. स्वतः अर्जुन दुसऱ्या अध्यायात ‘मी तुझा शिष्य आहे, तुला शरण आलो आहे’ असे म्हणतो आणि तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी त्याच गुरूला म्हणतो की तू अशा मिश्र बोलण्याने माझ्या बुद्धीला जणू मोहात पाडतो आहेस. शरणागती आणि तक्रार यांत एकाच अध्यायाचे अंतर आहे, आणि श्रीकृष्ण रागावत नाहीत. पुढे सगळे सांगून झाल्यावर अठराव्या अध्यायात ते म्हणतात, याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसे कर. छांदोग्याच्या आठव्या अध्यायात तर शंका हीच शिष्याची पात्रता ठरते. इंद्र आणि विरोचन दोघेही प्रजापतीकडे बत्तीस वर्षे राहिले आणि दोघांनाही एकच उत्तर मिळाले. विरोचनाला ते पटले, शरीर म्हणजेच आत्मा असे समजून तो समाधानाने घरी गेला आणि इतरांनाही तेच शिकवू लागला. इंद्राला अर्ध्या वाटेत शंका आली आणि तो परतला. प्रजापतीने त्याला अहंकारी म्हटले नाही; तुझे बरोबर आहे, आणखी बत्तीस वर्षे राहा, असे सांगितले. अशा फेऱ्या करत इंद्राने एकूण एकशे एक वर्षे घालवली आणि शंका घेऊन परतणाऱ्यालाच शेवटचा उपदेश मिळाला. परिप्रश्न आणि उद्धटपणा यांत फरक आहे, हे मान्य. समोरच्याची परीक्षा घेऊन त्याला खाली पाडण्यासाठी विचारलेला प्रश्न वेगळा आणि आपली गाठ सुटावी म्हणून विचारलेला वेगळा. पण तो फरक प्रश्न ऐकून घेतल्यावरच ठरवता येतो.

घरी न बोलण्याविषयी थोडा फरक समजून घ्या. मिळालेला मंत्र गुप्त ठेवण्याची पद्धत जुनी आहे आणि तिला अर्थ आहे, कारण गप्पांत आलेली गोष्ट मनात मुरत नाही. परंतु मंत्र गुप्त ठेवणे निराळे आणि तेथे काय चालते, काय मागितले जाते, कोण कसे वागते, हे जोडीदारापासून लपवणे निराळे. दुसऱ्या प्रकारच्या गुप्ततेला शास्त्रात कोठेही आधार नाही. उलट तैत्तिरीय उपनिषदात शिक्षण संपवून निघालेल्या शिष्याला ‘आचार्यदेवो भव’ असे सांगणारे आचार्य त्याच उपदेशात पुढे म्हणतात की आमची जी चांगली आचरणे असतील त्यांचेच तू अनुकरण कर, इतरांचे नको. आपल्यातही अनुकरण करू नये असे काही असू शकते, हे आचार्य स्वतःहून शिष्यापुढे मान्य करतात. ज्या गुरूला हे म्हणता येते, त्याच्यापुढे डोके टेकवायला मला आवडेल.

नाकारल्यास घराला त्रास होतो, ही भीती मात्र चर्चेच्याही योग्यतेची नाही. महाभारतात परशुरामांनी अंबेचा स्वीकार करण्याची आज्ञा केली, तेव्हा भीष्मांनी आपल्या या गुरूला नकार दिला आणि युद्धाची वेळ आली तरी तो मागे घेतला नाही. त्या प्रसंगी ते गर्विष्ठ होऊन वाट सोडलेल्या गुरूचा त्याग करता येतो, या वचनाचा आधार घेतात. स्वीकारलेला गुरू सोडण्याची मुभा जी परंपरा देते, ती न स्वीकारलेल्या गुरूबद्दल शिक्षा कशी करील?

देहधारी गुरूवाचून कोणी पोहोचलेच नाही का, असे तुमचे यजमान विचारतील. पोहोचले आहेत. रमण महर्षींना १८९६ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, मदुराईतल्या घरी मृत्यूच्या विचारातून जो अनुभव आला, त्यामागे कोणी मनुष्य गुरू नव्हता. पुढे त्यांनी अरुणाचल पर्वतालाच गुरू मानले. योगसूत्रेही ईश्वराला पूर्वीच्या सर्वांचा गुरू म्हणतात. म्हणून माणसाच्या रूपातील गुरू लाभला नाही तर दारे बंद, असे मी म्हणणार नाही. पण असे अपवाद वाचून आपण त्यांच्या रांगेत बसावे का, याचे उत्तर ज्याचे त्याने द्यावे. मी माझ्यापुरते नाही असे दिले आहे.

तुम्ही पुढे काय करावे? नेम चालू ठेवा, वर सांगितल्याप्रमाणे कमी आणि आदराने. त्याच्या जोडीला एखादा ग्रंथ, उदाहरणार्थ ज्ञानेश्वरीचा बारावा अध्याय, जाणत्या माणसाकडून ओवी-ओवीने समजून घ्या. अशी माणसे शांतपणे शिकवत असतात आणि बहुधा स्वतःला गुरू म्हणवून घेत नाहीत. गुरू ‘करण्याची’ घाई न करता कोणाकडून तरी दुरुस्त होण्याची सवय लावून घ्या. अशा एखाद्याजवळ वर्ष-दोन वर्षे राहिल्यावर तुमचे प्रश्न नेमके होत आहेत का, घरातल्यांना तुम्ही अधिक सुसह्य वाटता का, आणि तो माणूस त्याला न पटणारे उत्तर ऐकून कसा वागतो, एवढे पाहा. अनुग्रह घ्यायचा की नाही हे तेव्हा वेगळे ठरवावे लागत नाही. मंडळाबद्दल अजूनही ओढ वाटत असेल, तर यजमानांना सोबत घेऊन एकदा उघडपणे जा आणि तुमच्या जपातला कोरडेपणा तेथे मांडा. उत्तरात साधनेविषयी काही कळले तर ऐका. पुन्हा तारीखच कळली तर नमस्कार करून परत या.

नणंदबाईंशी वाद घालू नका. त्यांना तेथे काही मिळाले असेल आणि प्रेमापोटीच त्यांनी तुम्हाला नेले असेल. माझा नेम चालू आहे, मला अजून काही काळ पाहायचे आहे, एवढे सांगितले तरी पुरे. आणि त्यांच्या गुरूंविषयी त्यांच्यासमोर एकही वावगा शब्द नको.

माळ ठेवून घ्या. ती परत करण्याची किंवा नदीत सोडण्याची काही गरज नाही, आणि तिच्यावर जप केल्याने कोणाचे शिष्यत्व नकळत पदरी पडत नाही. तुमची जुनी माळ, जिचा दोरा विरला आहे असे तुम्ही लिहिले आहे, ती मात्र आधी ओवून घ्या.